प्रश्नाला क्रमांक होता तेव्हा : समितीपुढच्या साक्षीची पार्श्वभूमी

'लोकलेखा समितीपुढे सचिवांची साक्ष' अशी बातमी आली की आपण मथळा वाचतो आणि पुढे जातो. ही सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी संसदेची समिती. बातमीत बहुधा तेवढेच असते. कोणत्या सदस्याने काय विचारले, सचिव कुठे अडले, कोणत्या प्रश्नाला 'लेखी कळवतो' म्हणून सुटले, हे अधिकृतपणे बाहेर येत नाही. ही प्रथा मात्र फार जुनी नाही. ज्या ब्रिटिश पद्धतीतून आपल्या समित्या आल्या, तिच्यात साक्षीतला प्रत्येक प्रश्न क्रमांक घालून छापला जाई आणि उत्तर त्याच्याखाली येई. या छापील खंडांना 'ब्लू बुक' म्हणत. साक्षीदार एखादा मुद्दा टाळून गेला, तर तो नेमक्या कोणत्या प्रश्नाला टाळला हे शंभर वर्षांनीही दाखवता येते.

मराठी माणसाची अशा समितीशी ओळख आधी साक्षीदाराच्या खुर्चीतून झाली. 1895 मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. तो काटेकोर अर्थाने संसदेची समिती नव्हता, पण साक्ष घेण्याची रीत तीच होती. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते आणि त्यांनी स्वतः साक्षही दिली. 1897 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या डेक्कन सभेच्या वतीने गोपाळ कृष्ण गोखले आयोगापुढे बसले. तेव्हा त्यांचे वय होते 30. लेखी निवेदन आधी देऊन ठेवले होते : खर्चावर नियंत्रण कोणाचे, खर्च वाढत कसा गेला, आणि इंग्लंड व भारत यांच्यात त्याची वाटणी कशी व्हावी, असे तीन भाग. आकड्यांची बैठक न्या. रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी पक्की करून घेतली होती. 12 आणि 13 एप्रिल असे दोन दिवस उलटतपासणी चालली. निवेदन वाचून दाखवायचे नसते, ते सदस्यांनी वाचलेले आहे असे धरूनच प्रश्न सुरू होतात. त्यामुळे निवेदनातला एक कच्चा आकडाही पुरे, सारा वेळ त्यावरच जातो. गोखल्यांचे आकडे टिकले.

त्याच वर्षी, त्याच माणसाच्या बाबतीत, उलटेही घडले. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये मजकूर दिला. आधार होता पुण्याहून आलेल्या पत्रांचा. परत आल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येईनात, पुरावा उभा करता येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ते खोटे बोलले होते असे नव्हे. कागद हाती असलेली साक्ष आणि ऐकीव माहिती यांत किती अंतर असते, याचा चटका त्यांना चारच महिन्यांत बसला.

दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या, खुर्चीचे ठळक उदाहरण 1933 चे. भारताच्या घटनात्मक सुधारणांच्या श्वेतपत्रिकेवर विचार करण्यासाठी लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. तिला जोडून घेतलेल्या भारतीय प्रतिनिधींना साक्षीदारांना प्रश्न विचारता येत, मतदान मात्र करता येत नसे. मुंबई कायदेमंडळाचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या प्रतिनिधींत होते, बॅ. मु. रा. जयकरही होते. आंबेडकर या कामाला नवखे नव्हते. 1919 मध्ये मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे आणि 1928 मध्ये सायमन आयोगापुढे ते स्वतः साक्षीदार म्हणून प्रश्नांना सामोरे गेले होते. आता समोर सर सॅम्युअल होर होते, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळातले खुद्द भारतमंत्री, आणि तेही एकाच वेळी समितीचे सदस्य आणि साक्षीदार. ऑक्टोबरमध्ये विन्स्टन चर्चिल आले. समितीचे सदस्यत्व नाकारून त्यांनी साक्षीदार होणे पसंत केले होते, पण या खुर्चीवर भाषण ठोकता येत नाही, विचारले तेवढ्याचे उत्तर द्यावे लागते. चर्चिल यांना प्रश्न विचारणाऱ्यांत आंबेडकरही होते. ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात वाचायला मिळतात, आणि ती वाचता येतात ती तेव्हा क्रमांक घालून छापली गेली म्हणूनच.

भारतातली लोकलेखा समिती 1921 ची, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतून आलेली. तिचे अध्यक्ष व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले अर्थसदस्यच असत. म्हणजे खर्च करणाराच हिशेब तपासणाऱ्यांच्या डोक्यावर. 1950 मध्ये हे बदलले, समिती सभापतींच्या नियंत्रणाखाली आली आणि अध्यक्षपदी खासदार बसू लागला. तेव्हाचे सभापती ग. वा. मावळंकर. 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पडला आणि मूळचे मुंबईकर असलेले मिनू मसानी पहिले विरोधी अध्यक्ष झाले. आज समितीत लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 सदस्य असतात, मंत्री सदस्य होऊ शकत नाही.

साक्षीची रीत लोकसभेच्या नियम 269 ते 275 मध्ये आहे. महासचिवांच्या सहीने बोलावणे जाते. साक्षीदाराला आत घेण्यापूर्वी समिती प्रश्नांचे स्वरूप ठरवते. लोकलेखा समितीत हा टप्पा महत्त्वाचा, कारण कॅगचे (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) अधिकारी लेखापरीक्षेतला परिच्छेद सदस्यांना तेव्हाच समजावून देतात आणि खात्याला मुद्द्यांची यादी आधीच गेलेली असते. मग अध्यक्षांचा पहिला प्रश्न, त्यानंतर अध्यक्ष एकेका सदस्याला पुकारतात. शेवटी 'राहिलेले काही सांगायचे आहे का' असे साक्षीदाराला विचारता येते. शब्दशः वृत्तांत घेतला जातो आणि तपासणीसाठी साक्षीदाराकडे पाठवला जातो. समितीला वाटले तर शपथही देता येते. साक्षीदाराने येताना-जाताना अध्यक्षांना मान लववावी, समोर बसून धूम्रपान करू नये, काही चघळू नये, इतके बारकावे सभापतींच्या निर्देशांत लिहून ठेवले आहेत. तंबाखूची सवय असलेल्या अधिकाऱ्याला बैठक लांबली की हा निर्देश जड जात असणार.

बिघडते ते बहुतेक वेळा प्रश्नाच्या बांधणीत. 22 सदस्य आणि दोन तास म्हणजे माणशी साडेपाच मिनिटेसुद्धा येत नाहीत. त्यात एका दमात चार प्रश्न विचारले की अनुभवी सचिव सर्वांत सोप्याचे सविस्तर उत्तर देतो आणि उरलेल्या तिन्ही प्रश्नांना 'लेखी सादर करतो' म्हणतो. पुढचा सदस्य नवा विषय काढतो आणि धागा तुटतो. 'हे योग्य झाले असे आपल्याला वाटते का?' हा प्रश्न वाया जातो. 'निविदा कोणत्या तारखेला उघडली, मंजुरीची टिपणी कोणाच्या सहीची, ती आज सोबत आणली आहे का?' हा अडकवतो. दुसरी अडचण बदल्यांची. कॅगचा अहवाल पटलावर येऊन समितीने परिच्छेद निवडेपर्यंत निर्णय घेणारा अधिकारी भलत्याच खात्यात गेलेला असतो आणि उत्तर द्यायला येतो तो फाइल वाचून आलेला. म्हणून मुरलेले सदस्य आठवणीवर अवलंबून राहत नाहीत, कागदच मागतात. तिथेही नियम 270 ची आडकाठी आहे : कागद उघड करणे राज्याच्या सुरक्षिततेला वा हिताला बाधक आहे असे म्हणून सरकार नकार देऊ शकते, आणि मागणी विषयाला धरून आहे की नाही यावर वाद झाला तर सभापतींचा निर्णय अंतिम.

मंत्र्यांना लोकलेखा समितीसारख्या वित्तीय समित्या साक्षीला बोलावत नाहीत. 1992 च्या रोखे घोटाळ्यावरच्या राम निवास मिर्धा यांच्या संयुक्त संसदीय समितीत सभापतींच्या परवानगीने अपवाद झाला. अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि आरोग्यमंत्री बी. शंकरानंद यांना बोलावले गेले. चिकोडीचे हेच शंकरानंद 1987 च्या बोफोर्स संयुक्त समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे सहा वर्षांत टेबलाची बाजू बदलली. 2010 मध्ये विरोधक टूजी स्पेक्ट्रम प्रकरणी संयुक्त समितीसाठी अडून बसले, त्यामागे मंत्र्यांना असे बोलावता येते हेही एक कारण होते. अधिवेशन वाया गेले, आणि ते संपल्यावर मुरली मनोहर जोशींच्या लोकलेखा समितीपुढे यायची तयारी पंतप्रधानांनी दाखवली.

साक्षीदार स्वतः खासदार असेल तर प्रकरण आणखी नाजूक. 1951 मध्ये मुंबईच्या बुलियन असोसिएशनशी (सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेशी) केलेल्या व्यवहाराबद्दल एच. जी. मुद्गल यांची चौकशी टी. टी. कृष्णमाचारी समितीने केली, तेव्हा मुद्गल यांना वकील देता आला, साक्षीदारांची उलटतपासणीही घेता आली. जूनमध्ये नेमलेल्या समितीच्या अहवालावर सप्टेंबरात चर्चा झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. 2005 च्या 'प्रश्नांसाठी पैसे' (सभागृहात प्रश्न विचारायला पैसे घेतल्याच्या) प्रकरणात बन्सल समिती 12 डिसेंबरला नेमली गेली आणि 23 तारखेला दोन्ही सभागृहांतले 11 सदस्य निष्कासित झाले. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदार होते. ती घाई योग्य होती असे मला वाटत नाही, जरी सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सभागृहाचा अधिकार मान्य केला.

गुप्ततेबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो. बैठक बंद दाराआड होते हे खरे, पण साक्ष कायमची गुपित असावी असे निर्देश सांगत नाहीत. निर्देश 58 नुसार अध्यक्षांनी साक्षीदाराला सांगायचे असते की तुमची साक्ष जाहीर समजली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकेल. गुप्त ठेवायची असेल तर तसे त्याने मागायचे, आणि तरीही ती खासदारांना दाखवली जाऊ शकते. पटलावर ठेवेपर्यंत ती प्रसिद्ध करता येत नाही, एवढीच अट. प्रत्यक्षात अहवाल पटलावर येतो, त्याला बैठकीचे इतिवृत्त जोडलेले असते आणि त्यात बहुधा एवढेच लिहिलेले असते की सदस्यांनी शंका विचारल्या व साक्षीदारांनी त्यांचे निरसन केले.