पार्श्वभूमी : पत्रकाच्या तळाची ओळ

निवडणुकीचे एखादे जुने पत्रक कपाटाच्या तळाशी सापडले, तर उमेदवाराच्या फोटोपेक्षा त्याच्या खालची बारीक अक्षरांतली ओळ पाहावी. मुद्रकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि बहुधा प्रतींची संख्याही तिथे असते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली घातलेल्या कलम १२७-अ मुळे नावपत्त्याची ही ओळ सक्तीची झाली. बोलायचे ते बोला, पण बोलणारा कोण हे कागदावर राहू द्या, एवढीच तिची मागणी आहे. उमेदवार समाजमाध्यमांवर आपली प्रतिमा आणि आपले म्हणणे कसे घडवू लागले, हा इतिहास या ओळीच्या अंगाने पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

वृत्तपत्रांना वळसा घालून थेट लोकांपर्यंत जाण्याची धडपड महाराष्ट्राला नवी नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी शाहिरीतून हेच केले, आणि बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या ‘मार्मिक’मधून पुढे एक पक्ष उभा राहिला. मात्र शाहीर समोर उभा असे आणि साप्ताहिकावर संपादकाचे नाव असे. दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिरातींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००४ साली त्या जाहिराती आधी तपासून प्रमाणित करून घेण्याची पद्धत लागू झाली.

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत लालकृष्ण अडवाणी यांचे संकेतस्थळ आणि इंटरनेटवरच्या जाहिराती ही नवलाई होती. ओबामांच्या २००८ च्या प्रचाराची छाप त्यावर उघड दिसत होती. त्याच वर्षी शशी थरूर यांना विमानाच्या साध्या वर्गाबद्दलचे एक ट्वीट चांगलेच महागात पडले आणि हे माध्यम दुधारी असल्याचे राजकारण्यांच्या ध्यानात आले. ऑगस्ट २०१२ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी गूगल हँगआउटवरून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. प्रश्न लोकांचे, पण व्यासपीठ आणि वेळ आपली, ही मांडणी पत्रकार परिषदेपेक्षा उमेदवाराला अर्थातच सोयीची होती.

निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. उमेदवाराने अर्जासोबतच्या नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात आपल्या खात्यांची माहिती द्यावी, जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्यात, आणि कंपन्यांना दिलेल्या पैशांबरोबरच मजकूर तयार करण्याचा व खाती सांभाळणाऱ्या चमूच्या पगाराचा खर्चही हिशेबात दाखवावा, असा त्यांचा आशय होता. सूचना नेटक्या आहेत. मात्र स्वतःच्या खात्यावर टाकलेला मजकूर, फोटो किंवा व्हिडिओ ही जाहिरात धरली जात नाही, त्यामुळे त्याला पूर्वप्रमाणन लागत नाही. शिवाय नोंद होते ती उमेदवाराने सांगितलेल्या खात्यांची. ‘अमुक दादा समर्थक’, ‘तमुक साहेब फॅन क्लब’ अशी पेजेस चालवणारी मंडळी स्वखुशीने काम करतात की पगारावर, हे त्या रकान्यातून कळत नाही. येथूनच उमेदवाराला दोन तोंडे मिळाली, असे माझे मत आहे. अधिकृत खात्यावर विकासकामे, सांत्वनभेटी आणि सणांच्या शुभेच्छा येतात. प्रतिस्पर्ध्याची खिल्ली आणि जातीचे हिशेब बिननावाच्या पेजवरून फिरतात.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हे सारे वाडीवस्तीवर पोहोचले. फ्लेक्स छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडेच आता मोबाइलच्या आकाराचे ‘क्रिएटिव्ह’ मिळू लागले: वर नेत्यांचे गोल फोटो, मध्ये हात जोडलेले भाऊ आणि खाली शुभेच्छुकांची रांग. गंमत म्हणजे शुभेच्छुकांची नावे हौसेने छापणाऱ्या याच चित्रावर प्रकाशकाचे नाव मात्र नसते. सकाळी गटात आलेले चित्र दुपारपर्यंत कार्यकर्त्यांच्या स्टेटसला लागते, आणि कोणी ठेवले नाही तेही पाहिले जाते. निनावी मजकुराची दुसरी बाजू १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी फेसबुकने राजकीय जाहिरातीखाली पैसे कोणी दिले हे दाखवणे सुरू केले, म्हणजे तळाची ओळ एका परीने परतली. तरीही मोठा खर्च करणाऱ्या काही पेजेसच्या नावात पक्षाचा उल्लेखच नव्हता. महाराष्ट्रात मात्र त्या उन्हाळ्याचे वेगळेपण ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे होते. एकही उमेदवार उभा न करता राज ठाकरे यांनी सभा घेतल्या. मोठ्या पडद्यावर सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे आणि जाहिराती दाखवायच्या आणि मग त्यातली विसंगती बोट ठेवून सांगायची, असा त्यांचा बाज होता. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीत झळकलेला तरुणच त्यांनी सोलापुरात व्यासपीठावर आणला. सभेचे तुकडे रात्रीच मोबाइलवर फिरत. उमेदवार नसल्याने हा खर्च कोणाच्या खाती धरायचा, असा सवालही विरोधकांनी केला. एवढे होऊनही ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेनेने जिंकल्या, हे विसरता येत नाही.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत राहिले. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुलीही त्यांनी त्या सभेत दिली. मतदान २१ तारखेला होते. मधल्या काळात ओल्या सदऱ्यातले ते छायाचित्र घरोघरी गेले. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत पवारांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील यांनी, आधी त्याच पक्षाकडून निवडून येऊन भाजपमध्ये गेलेल्या उदयनराजे भोसले यांचा पराभव केला. एका चित्राने निवडणूक जिंकली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण कोणत्याही वॉर रूमला असा पाऊस आखता आला नसता हेही खरे.

गाजणे आणि निवडून येणे यांतले अंतर सांगोल्याने दाखवले. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून आमदार शहाजीबापू पाटील यांनी केलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण बाहेर आले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ राज्यभर तोंडपाठ झाले. २०२४ च्या विधानसभेला शेतकरी कामगार पक्षाच्या बाबासाहेब देशमुख यांनी त्यांना हरवले. उलट नीलेश लंके यांची प्रतिमा आधीपासून बांधली गेली होती. पारनेर तालुक्यातल्या भाळवणीच्या कोविड केंद्रातच मुक्कामी असलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या आमदाराची दृश्ये करोनाकाळात सर्वत्र पोहोचली होती. २०२४ मध्ये प्रतिस्पर्धी सुजय विखे यांनी त्यांच्या इंग्रजीवरून आव्हान दिले, तेव्हा साध्या माणसाची ही गोष्ट आयतीच पुढे सरकली. निवडून आल्यावर लंके यांनी लोकसभेत शपथ घेतली ती इंग्रजीत, आणि ती चित्रफीतही अर्थातच फिरली.

लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख ही महाराष्ट्रातली खर्चमर्यादा २०२२ पासूनची आहे. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना बजावले की बनावट चित्रफीत किंवा ध्वनिफीत निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटवावी. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. १९ तारखेच्या संध्याकाळी, जाहीर प्रचार कायद्याने थांबलेला असताना, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून बिटकॉइन व्यवहाराच्या ध्वनिफिती पसरल्या. दोघांनीही तो आवाज आपला नसल्याचे सांगितले आणि सुळे यांनी तक्रार दाखल केली. मतदान सुरू व्हायला तेव्हा एकच रात्र उरली होती.