ब्राँझ गेलं, जस्त आलं: जुन्या कार्बोरेटरची पार्श्वभूमी

गोव्यातल्या घरांत समई चिंचेने किंवा सोलांच्या पाण्याने घासतात. तोच उपाय जुन्या बुलेट मोटारसायकलच्या कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर, केला की बॉडी काळवंडते आणि तिच्यावर बारीक खड्डे पडतात. ती पितळेची नसून जस्ताची असते आणि आंबट लागलं की जस्त विरघळतं.

अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या ब्रिटिश कंपन्या 1927 मध्ये एकत्र आल्या आणि ‘अमल’ ही कार्बोरेटरची कंपनी झाली. तेव्हाच्या बॉड्या ब्राँझच्या, जड आणि महाग. साच्यात दाबून ओतलेलं जस्त स्वस्त पडे, पण त्यात शिशाचा अंश राहिला तर ओतकाम आतून फुगून तडकायचं. 1929 मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने 99.99 टक्के शुद्ध जस्तापासून केलेला मिश्रधातू आणला आणि मार्ग मोकळा झाला. त्याआधीच्या जस्ती बॉडीवर जाळीदार तडे दिसले तर पैसे घालू नका, ती शोकेसमध्येच शोभते.

फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) वाटी बॉडीतच ओतलेला अमल मॉनोब्लॉक 1955च्या सुमारास आला. मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली तीही त्याच वर्षी. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला आणि त्यानंतर या देशी गाड्या इथे रुळल्या. पुढे बुलेटवर मिकुनी या जपानी कंपनीच्या रचनेचा मिककार्ब व्हीएम-24 कार्बोरेटर आला. आता राहिलेल्या मॉनोब्लॉकना खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि इथेनॉलचं पेट्रोल एकदम सोसावं लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ते पाणी वाटीच्या तळाशी बसतं. मग जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि पितळी जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर, हिरवा थर चढतो.

सफाईला सौम्य साबणाचं कोमट पाणी आणि अल्ट्रासॉनिक टाकी पुरते, तीही दहा मिनिटं. कॉस्टिक सोडा नको. तोही जस्त खातो. जेट उजेडासमोर धरून बघा, पण भोकात तार घालू नका. मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती सीसी पेट्रोल वाहतं ते सांगतो. भोक घासलं गेलं की तो आकडा खोटा ठरतो. गोव्यात पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, संथ चालीत टिकतो तो कार्बोरेटरमधल्या पायलट जेटच्या (कमी वेगात पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटच्या) जोरावर, आणि सगळ्यात आधी तुंबतो तो हाच जेट.

खरं दुखणं मात्र फ्लँजचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जिथे बसतो त्या सपाट कडेचं. जाड गॅस्केट घालून दोन्ही नट करकचून आवळले की कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि फटीतून हवा शिरते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनचा वेग) चढतं, सायलेन्सर फटफटतो आणि मेकॅनिक उगाच जेट बदलत बसतो. जाड काचेवर 400 नंबरचा वॉटरपेपर ठेवा, थोडं तेल टाका आणि सगळीकडे एकसारखे ओरखडे दिसेपर्यंत फ्लँज हलक्या हाताने घासा. पातळ गॅस्केट लावून नट आळीपाळीने पाव-पाव फेरी आवळा.

बफवर आरशासारखी चकाकी आणायचा मोह इथे फार. ओतकामाचा वरचा थरच घट्ट असतो, आत बारीक पोकळ्या. तो घासला गेला की बॉडी पेट्रोल पाझरते. मूळ राखाडी रंगच ठेवा. आणि मृग लागण्याआधी पेट्रोलची चावी बंद करून वाटी रिकामी करा.