उमेदवारी : कामाची पहिली वर्षे आणि मार्गदर्शक

व्यवसायात पाऊल टाकल्यावर जाणत्या माणसाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करत शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. फार्सी ‘उमेद’, म्हणजे आशा, यावरून हा शब्द आला. निवडणुकांमुळे त्याचा दुसरा अर्थ आज जास्त कानावर पडतो. पण वकील, छायाचित्रकार, कारागीर यांच्या बोलण्यात ‘अमक्यांकडे दोन वर्षे उमेदवारी केली’ हे वाक्य अजून सहज येते. प्रशिक्षणार्थी, इंटर्न, निवासी डॉक्टर ही त्याचीच आजची रूपे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या कामाला वळण लागते ते बहुधा या काळात. केलेले काम कोण तपासतो, किती लवकर तपासतो आणि चूक कोणाच्या हातून दुरुस्त करून घेतो, यावर हे वळण संस्थेच्या नावापेक्षा जास्त अवलंबून असते.

उमेदवारीची मुदत कायद्याने बांधण्याची पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांना सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. ती सक्ती १८१४ मध्ये उठली. जर्मनीत कामाची जागा आणि व्यवसायशाळा यांत वाटलेल्या प्रशिक्षणाला १९६९ च्या कायद्याचा आधार आहे, तर भारतात शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची निवासी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी बसवली.

कामांचा क्रम

नवख्याला आधी कोणते काम द्यायचे, हा उमेदवारीतला पहिला खरा प्रश्न. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातील शिंप्यांच्या उमेदवारीचा अभ्यास केला. तिथे कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने शिकवतात. पोरगा आधी बटणे लावतो आणि काठ दुमडतो, मग शिवण घालतो आणि कापड बेतण्याची कात्री सर्वांत शेवटी हातात घेतो. बटण चुकले तर उसवून पुन्हा लावता येते; कापड चुकीचे कापले की ते गेलेच. शिवाय शेवटाकडून सुरुवात केल्याने तयार कपडा रोज डोळ्यांसमोर राहतो आणि प्रत्येक तुकडा कुठे बसतो हे कात्री धरायच्या आधीच कळलेले असते. याच निरीक्षणांतून पुढे लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये एक विचार मांडला : नवखा कामाच्या काठावरून आत सरकत जातो आणि काठावरचे कामही खरेच असावे लागते.

हा नियम कोणत्याही व्यवसायाला लावता येतो. सुरुवातीचे काम लहान, दुरुस्त होण्याजोगे आणि तरीही कोणाच्या तरी उपयोगी पडणारे हवे. पुढच्या पायऱ्या साधारण अशा : शेजारी बसून बघणे, मोठ्या कामाचा एक तुकडा करणे, पूर्ण काम देखरेखीखाली करणे, एकट्याने करून तपासायला देणे आणि शेवटी आपल्यामागून आलेल्याला शिकवणे. घाईच्या ठिकाणी दुसरी पायरी गाळली जाते. आठवडाभर बघत बसलेल्या माणसावर एकदम पूर्ण काम येऊन पडते, ते बिघडते आणि ‘याला जमत नाही’ असा शिक्का बसतो. उलट टोकही तितकेच वाईट. वर्षभर नुसती आकडेवारी भरणे किंवा फायली पोचवणे चालले, तर वर्ष एकच पण अनुभव एका आठवड्याचा, अशी गत होते.

तपासणी

उमेदवारीचा गाभा इथे आहे. एक उदाहरण घेऊ. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट (गोल दांडा) काढायचा आहे. चालणारे माप ४९.९७५ ते ५०.००० मिमी. उमेदवार शेवटचा कट घेतो, लगेच मायक्रोमीटर हे बारीक मापाचे साधन लावतो, माप ४९.९८५ येते. काम बरोबर आहे असे समजून तो शाफ्ट बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शाफ्ट ४९.९६१ भरतो, म्हणजे बाद. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिमी फुगते. कापताना शाफ्ट ४० अंशांनी तापलेला असेल, तर ५० मिमीवर ०.०२४ मिमीचा फरक पडतो. चालणारी सगळी फट जवळजवळ तेवढीच आहे. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरवले आहे ते याचसाठी.

या चुकीवर तीन तऱ्हेचे वस्ताद तीन गोष्टी करतात. पहिला स्वतः दुसरा शाफ्ट काढून देतो. काम निघून जाते, उमेदवार होता तिथेच राहतो. दुसरा सांगतो, ‘थंड झाल्यावर मोजत जा.’ शाफ्टच्या बाबतीत ही चूक पुन्हा होत नाही. तिसरा त्याला पुढचा शाफ्ट कापल्याबरोबर, दहा मिनिटांनी आणि तासाभराने मोजून तीन आकडे लिहायला लावतो. त्या तीन आकड्यांतून उमेदवाराला उष्णतेचा संबंध स्वतः दिसतो, आणि उद्या ग्राइंडिंग (घासून माप आणणे) किंवा बोअरिंग (छिद्र मोठे करणे) करताना तो न सांगता थांबतो. तिसऱ्या पद्धतीला एक तास जास्त लागतो. तो तास मिळत नाही म्हणूनच बहुतेक ठिकाणी उमेदवारी नावापुरती उरते.

वेळही महत्त्वाची. ही चूक पहिल्या नगावर पकडली तर ती धडा असते. पन्नास नग काढून झाल्यावर पकडली तर पन्नास नग भंगारात जातात आणि माणूस फक्त भीती शिकतो. नवख्याचे काम एक-दोन दिवसांत परत यावे. आठ दिवसांनी आलेल्या शेऱ्यांचा उपयोग कमी होतो, कारण करताना काय विचार केला होता हेच तोवर विसरलेले असते.

लेखन, हिशेब, संगणकीय आज्ञावली यांतही रीत हीच. शेरे लिहिताना तीन प्रकार वेगळे दाखवावेत : हे चूक आहे, हे समजत नाही, आणि ही माझी आवड आहे. तिसरा प्रकार वेगळा काढला नाही तर नवखा वरिष्ठांच्या सवयींनाच नियम समजतो आणि पुढे आयुष्यभर त्या पाळत राहतो. दुरुस्ती मात्र उमेदवाराच्याच हातून व्हावी. वरिष्ठांनी मसुदा स्वतःच लिहून काढला, तर मसुदा सुधारतो, लिहिणारा सुधारत नाही.

मार्गदर्शक

‘मेंटर’ हा शब्द होमरच्या ओडिसीमधून आला. ओडिसियस युद्धावर जाताना घर ज्याच्या हवाली करतो, तो मेंटर. आधुनिक अभ्यासाची घडी व्यवस्थापनाच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी बसवली. १९८३ मध्ये त्यांनी एका मोठ्या कंपनीतील अठरा जोड्यांच्या मुलाखतींवरून या नात्याच्या चार अवस्था मांडल्या : ओळख आणि विश्वास जुळण्याचे सहा महिने ते वर्षभर, भरभराटीची दोन ते पाच वर्षे, मग दुरावा, आणि शेवटी नव्या पायावरचे, बरोबरीचे नाते. यातला दुरावा मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. शिष्याला स्वतःच्या मताने काम करावेसे वाटू लागते, गुरूला ते कृतघ्नपणाचे वाटते आणि चांगली नाती इथेच तुटतात. ही अवस्था येणारच, हे दोघांनाही आधी माहीत असले तर ती निभावते.

क्रॅम यांनी मार्गदर्शकाच्या कामाचे दोन भाग केले. एक बढतीशी जोडलेला : आव्हानाचे काम मिळवून देणे, चार लोकांसमोर आणणे, चुकीच्या वेळी पाठराखण करणे, योग्य ठिकाणी शब्द टाकणे. दुसरा मनाला धरून : आदर्श घालून देणे, स्वीकारणे, अडचण ऐकणे. शब्द टाकणारा आणि शिकवणारा नेहमी एकच माणूस नसतो. शिकवायला वेळ लागतो, शब्द टाकायला वजन लागते, आणि एकाच माणसाकडे दोन्ही क्वचित असतात. म्हणून कामातले बारकावे दाखवायला दोन-चार वर्षे पुढचा सहकारी आणि वाट मोकळी करायला वरच्या जागेवरचा कोणी, अशी सोय अधिक टिकाऊ ठरते.

भेटीगाठी पंधरवड्यातून एकदा, पाऊण तास, एवढ्या पुरतात, पण त्या ठरलेल्या हव्यात. विषय उमेदवाराने आदल्या दिवशी लिहून पाठवावेत : काय केले, कुठे अडले, कोणता निर्णय घ्यायचा आहे. ‘मला मार्गदर्शन कराल का?’ या विनंतीला होकार मिळतो आणि पुढे काहीच होत नाही. ‘या अहवालाचा तिसरा भाग मला पटत नाही, वीस मिनिटे बघाल का?’ याला उत्तर मिळते, आणि अशा पाच-सहा उत्तरांतून नाते आपोआप तयार होते.

बिघडते ते असे. मूल्यमापन करणाराच मार्गदर्शक नेमला, तर उमेदवार चुका झाकतो. मग शिकवायला काही उरत नाही. संस्थेने यादी करून जोड्या लावल्या आणि वेळ मात्र कामाच्या तासांबाहेरचा दिला, तर दोन-तीन भेटींत उत्साह ओसरतो. एकाच गुरूला चिकटून राहिलेला माणूस त्याच्या गुणांबरोबर त्याला स्वतःला न दिसणाऱ्या उणिवाही घेतो. आणि शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवणे हा तर सरळ अन्याय आहे. जिथे विनावेतनच काम असते, तिथे घरून खर्च निघणारेच टिकतात आणि गुणी पण गरजू मुले दारातूनच परततात.

परिणाम किती?

डेव्हिड बर्ल्यू आणि डग्लस हॉल यांनी १९६६ मध्ये नव्या व्यवस्थापकांचा मागोवा घेतला. पहिल्या वर्षी ज्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली गेली, ते पुढील वर्षांतही सरस ठरले. समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी १९७७ मध्ये दाखवले की अमेरिकेतील ९२ नोबेल विजेत्या वैज्ञानिकांपैकी ४८ जण आधीच्या विजेत्यांच्या हाताखाली काम केलेले होते. विजेत्यांच्या सांगण्यानुसार त्यांना मिळालेली मोठी गोष्ट माहिती ही नव्हतीच. कोणता प्रश्न हाती घ्यावा आणि काम कधी पुरेसे चांगले झाले म्हणावे, याची पारख त्यांना मिळाली. अर्थात हुशार मुले चांगला गुरू शोधतात आणि चांगले गुरू हुशार मुले निवडतात, त्यामुळे सगळे श्रेय संगतीला देता येत नाही. टॅमी ॲलन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मार्गदर्शनाचा पगार व बढतीशी संबंध लहान, आणि कामातील समाधानाशी त्याहून ठळक आढळला.

खराब सुरुवात कायमची नसते. कॅनडातील पदवीधरांच्या २०१२ मधील अभ्यासात, मंदीत नोकरीला लागलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती; पाच वर्षांत हे अंतर निम्मे झाले आणि दहा वर्षांत मिटले. ते भरून निघण्यात चांगल्या मालकाकडे सरकत जाण्याचा मोठा हात होता. म्हणून पहिली जागा सोडायची की नाही हे ठरवताना मागच्या सहा महिन्यांची कामाची नोंदवही काढावी. आपले काम किती वेळा दुरुस्तीसाठी परत आले, त्यात नव्या प्रकारच्या चुका किती आणि जुन्याच किती, एवढे मोजावे. काम एकदाही परत आले नसेल, तर तिथे कोणी शिकवत नाही.