बडोद्याच्या चार दरवाज्यांत ‘दुरुस्ती’ कशाला म्हणायचे

पावसाळा तोंडावर आला की बडोद्याच्या जुन्या गावात घरांच्या दारांवर नोटिसा लागू लागतात. पालिकेच्या ज्या शाखेला इथे सगळे ‘निर्भयता’ म्हणतात, तिच्याकडून त्या येतात. मजकूर वर्षानुवर्षे साधारण तोच: मिळकत जर्जरित झाली आहे, धोकादायक भाग उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा, अन्यथा होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी तुमची. उतरवून घेणे म्हणजे काय हे सगळ्यांना कळते. दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मात्र आपण कोणता कायदा उघडतो त्यावर ठरते. कोटातल्या वाड्यांचे गेल्या साठसत्तर वर्षांत जे झाले, त्यातले बरेचसे या एका शब्दाने झाले आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानांच्या अमलात चौरस कोट उभा राहिला. त्याला लहेरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी असे चार दरवाजे आणि मध्ये, रस्ते मिळतात तिथे, मांडवी ही कमानींची इमारत. 1734 मध्ये बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले. मग सरदार, सावकार, कारकून, भिक्षुक यांची मराठी वस्ती कोटात आणि कोटाबाहेर रावपुरा, दांडिया बाजाराकडे वाढली. पोळीतले, म्हणजे एका तोंडाच्या अरुंद गल्लीतल्या वस्तीतले, गुजराती घर आणि चौकाचा मराठी वाडा यांची मांडणी वेगळी, पण दोन्हींचा सांगाडा लाकडाचा. भार खांब-तुळयांनी उचलायचा आणि भिंतीने फक्त आडोसा द्यायचा. पुढचे भांडण समजायला एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सयाजीराव महाराज 1875 मध्ये गादीवर आले, 1881 मध्ये पूर्ण अधिकार हाती आले आणि गावाचा चेहरा बदलला. त्या काळातल्या इमारती सर्वांना ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही. देखरेखीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की दरबारला चिंता होती ती आरोग्याची, पाण्याची आणि रस्त्यांची. घराचे रूप कसे असावे हा प्रश्न नव्हताच, कारण घरे त्याच सुतारांच्या हातची, त्याच लाकडाची होत होती. महाराजांनी बोलावलेला स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याने 1916 मध्ये बडोद्याच्या विकासावर अहवाल दिला. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढण्यासाठी घरांच्या रांगा पाडू नयेत, पडक्या जागा तेवढ्या मोकळ्या करून हवा-उजेड आणावा आणि उभे आहे ते सांभाळावे, ही त्याची हिंदुस्थानभरची शिकवण. बडोद्यात गेडिसचे नाव आजही आदराने घेतात. रस्त्यांच्या आखणीत ही शिकवण किती उतरली, ते मंगळ बाजारात उभे राहून ज्याने त्याने पाहावे.

1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबईचे कायदे इकडे आले. त्यातला 1947 चा भाडेनियंत्रण कायदा वाड्यांच्या मुळावर आला असे म्हणणारे बरेच आहेत. ते अर्धे खरे आहे. भाडे गोठले, मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरू हलेना, हे खरेच. पण त्याच कायद्यामुळे शेकडो साधी कुटुंबे गावाच्या मध्यभागी टिकली आणि ती होती म्हणून वाडेही नांदते राहिले. खरी मेख वेगळी होती. पालिकेने पाडण्याचा हुकूम काढला की भाडेकरूकडून जागा मागायला मालकाला कायद्याचा आधार मिळे. म्हणजे जर्जरितपणाची नोटीस काहींना संकट वाटे, तर काहींना वाट मोकळी झाल्यासारखे वाटे.

1966 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि 1976 च्या राज्य नगररचना कायद्याने बांधकामावरची देखरेख आजच्या रूपात आली. इथे ‘रजाचिठ्ठी’ हा शब्द समजून घ्यायला हवा. पुण्यामुंबईच्या वाचकाला रजा म्हटले की सुट्टी आठवेल. इथल्या मराठीत, गुजरातीच्या शेजारामुळे, रजा म्हणजे परवानगी आणि रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाचा परवाना. तो मागायचा तर मालकी कागदावर स्वच्छ लागते. आजोबांच्या नावावरच्या वाड्याला तिसऱ्या पिढीत वीसपंचवीस वारस होतात. कोणी अमेरिकेत, कोणी पुण्यात, कोणी बोलत नाही. सिटी सर्व्हेत वारसांचा फेरफार पडलेला नसतो, सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत, म्हणून रजाचिठ्ठी मिळत नाही. तोवर घर गळत राहते. जो घरात राहतो तो शेवटी गवंडी बोलावतो आणि जे सुचेल ते करून घेतो. कोटात विनापरवाना कामे इतकी का, याचे कारण माझ्या मते लोकांच्या बेपर्वाईपेक्षा या सह्यांमध्ये जास्त आहे.

आता दुरुस्ती. रंग, गिलावा, फरशी, त्याच उंचीवर छप्पर परतणे अशा कामांना साधारणपणे रजाचिठ्ठी लागत नाही. भार उचलणाऱ्या भागाला हात लावला की लागते. वीट-सिमेंटच्या बंगल्यात ही रेघ ओढणे सोपे आहे. वाड्यात ती कुठे ओढायची?

दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला मी एक काम जवळून पाहिले. ओसरीचा सागाचा खांब, वर केळफुलाचे नक्षीकाम अजून धारदार, आणि खाली तळखड्यापासून हातभर वाळवीने पोखरलेला. बोटाने दाबले तर भुसा हाती येत होता. त्या खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर माडीतला संसार. सुताराने दोन्ही बाजूंना टेकू देऊन तुळई जराशी उचलली, सडका भाग तिरका कापला, जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून त्याच मापात बसवला आणि लाकडी खुंट्या मारल्या. तीन दिवसांचे काम. वरचे नक्षीकाम होते तिथेच राहिले. ही दुरुस्ती की बांधकाम? मालकाने रीतसर विचारले, तेव्हा एका टेबलावर त्याला सांगितले की खांब म्हणजे भार उचलणारा भाग, त्याला नकाशा, अभियंता आणि सगळ्या मालकांच्या सह्या लागतील. दुसऱ्या टेबलावर सांगितले की किरकोळ काम आहे, करून टाका. शेजारच्या घरात तसल्याच खांबाऐवजी लोखंडी गर्डर ठोकला होता आणि वर सिमेंटचा पत्रा. तिकडे कोणी फिरकले नाही, कारण बाहेरून काहीच दिसत नव्हते.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या आसपास हा प्रश्न आणखी बिकट होतो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, भित्तिचित्रांमुळे प्रसिद्ध, असे स्मारक आहे. 16 जून 1992 च्या अधिसूचनेने अशा स्मारकांपासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. 2010 च्या दुरुस्तीने ते थेट प्राचीन स्मारकांच्या कायद्यात आले आणि (योगायोगाने कायद्याच्या बदलालाही आपण दुरुस्तीच म्हणतो) त्यात तीन शब्दांच्या व्याख्या दिल्या. बांधकाम म्हणजे नवे उभारणे किंवा असलेल्याला आडवी-उभी वाढ देणे. पुनर्बांधणी म्हणजे पूर्वीच्या वास्तूच्या त्याच आडव्या-उभ्या मर्यादेत पुन्हा उभारणे. आणि दुरुस्ती-नूतनीकरण म्हणजे असलेल्या इमारतीतले बदल, पण त्यात पहिली दोन्ही नाहीत. प्रतिबंधित क्षेत्रात फक्त तिसऱ्याला परवानगी मागता येते, तीही घर 16 जून 1992 च्या आधीचे असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असेल तरच.

वाड्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते पाहा. मागची सोप्याची भिंत पावसात बसली. ती त्याच जागी, त्याच उंचीची पुन्हा उभी केली तर ती व्याख्येने पुनर्बांधणीत जाऊ शकते आणि 100 मीटरच्या आत पुनर्बांधणीला दार बंद. मग मालक काय करतो? पडलेली भिंत पडलेलीच ठेवतो, किंवा रात्रीतून उभी करतो. उलट उभ्या भिंतीवर काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चढवून दुकानाची दर्शनी बाजू करणे हे ‘बदल’ असल्याने दुरुस्तीच्या कोष्टकात सहज बसते. स्मारकाला शेजारी कसे हवेत हे ठरवण्यासाठी कायदा केला आणि जुने होते तसे उभे करणाऱ्याला त्यात चमकदार पत्र्यापेक्षा कडक परीक्षा लागली. ही व्याख्या करताना डोळ्यांपुढे मोकळ्या मैदानातली देवळे आणि मकबरे असावेत, भरवस्तीतला वाडा नसावा, असे मला ठामपणे वाटते. माझ्या मते कसोटी एकच हवी होती: तेच माप, तेच साहित्य, तीच जागा. खांब बदला, भिंत उचला, कडीपाट नवा घाला. ती दुरुस्ती.

दुसरी बाजू नाकारत नाही. नोटीस बजावणाऱ्या अभियंत्याला पोळीतल्या सहा फुटी गल्लीत झुकलेला सज्जा दिसतो. खालून मुले शाळेत जातात आणि सज्जा पडला तर जाब त्यालाच विचारतात. ‘उतरवून घ्या’ लिहिणे त्याच्या दृष्टीने सुरक्षित. चांगला सुतार आहे का, सागाचा खर्च कोण देणार, हे प्रश्न त्याच्या टेबलाचे नाहीत, आणि नेमके कोणाच्या टेबलाचे आहेत ते गावाने कधी ठरवले नाही.

यात भर रस्तारेषेची, म्हणजे इथे जिला लाइनदोरी म्हणतात तिची. जुन्या गावातले रस्ते कागदावर रुंद आखलेले. घर उभे आहे तोवर काही नाही, पण पाडून नवे बांधायचे तर रेषेच्या मागे सरकावे लागते. त्यामुळे कोटातला दुकानदार घर शक्यतो ‘दुरुस्त’च करतो. दर्शनी दोन भिंती राखून आतून सगळे नवे करतो आणि कागदावर ती दुरुस्ती राहते. पोळीच्या तोंडाशी जुना नक्षीदार झरोका आणि मागे चार मजली काँक्रीट, अशी जी घरे दिसतात त्यांचा उगम बहुधा इथे आहे.

वारसा नियमांची चळवळ बडोद्याला उशिरा पोचली. मुंबईत 1995 मध्ये नियमावली आली, इमारतींच्या श्रेणी ठरल्या, बदलाचा प्रस्ताव आधी समितीपुढे जाऊ लागला. अहमदाबादच्या कोटाला 2017 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथे लाकडी घर सांभाळणाऱ्याला वापरता न येणारा बांधकामाचा हक्क विकण्याची सोय झाली. म्हणजे घर राखल्याचे काही पैसे हातात पडण्याची वाट निघाली. बडोद्यात याद्या झाल्या, पदयात्रा झाल्या, व्याख्याने झाली. 2014 च्या सुमारास गायकवाडांचा जुना नजरबाग राजवाडा पाडला जात होता तेव्हा गाव हळहळले, पण ती खाजगी मिळकत, थांबवायचे कशाच्या जोरावर? यादीत नाव असणे आणि रजाचिठ्ठीच्या खिडकीवर त्या यादीला वजन असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी पुरते कळले.

मिळकतीतला ‘बदल’ म्हणजे केवळ दगडविटांचा बदल नव्हे. कोटाच्या बऱ्याच भागात 1991 चा अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्रांतल्या मिळकतींचा कायदा, लागू आहे. तिथे घर विकायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्री राजीखुशीने आहे ना आणि किंमत वाजवी आहे ना, हे पाहणे हा मूळ हेतू. दंगलींच्या काळात घाबरून कवडीमोलाने घरे विकली जाऊ नयेत म्हणून हा कायदा आला. त्याचा वापर शेजारी कोण असावा हे ठरवण्यासाठी होतो, हा आक्षेप न्यायालयांपर्यंत गेला आहे. वाड्यांपुरते बोलायचे तर परिणाम सरळ आहे. सांभाळण्याची ऐपत असलेला ग्राहक महिनोन्‌महिने थांबायला तयार नसतो, आणि रिकामे घर एका पावसाळ्यात जितके खचते तितके नांदते घर दहा वर्षांत खचत नाही. गंमत पाहा, विकण्यासाठी एवढी कडक परवानगी, आणि विकत घेतल्यावर आतला कोरीव जिना काढून भंगारात देण्यासाठी कसलीच नाही.

न्यायमंदिराची इमारत 1896 ची. 2018 मध्ये कोर्ट नव्या संकुलात हलले, आणि या इमारतीचे पुढे काय यावर गावभर चर्चा झाली. 2025 मध्ये मांडवीच्या खांबाला तडे गेले तेव्हाही तसेच. वर्तमानपत्रे, नेते, तज्ज्ञ सगळे धावले, टेकू लागले. ते व्हायलाच हवे होते. पण मांडवीपासून शंभर पावलांवर, पोळीच्या आत, तसेच तडे गेलेल्या घराला टेकू द्यायचा तर घरमालकाला आधी ठरवावे लागते की हा टेकू दुरुस्तीत येतो की नाही.

तांबेकर वाड्याच्या आसपासचे जुने रहिवासी आताशा पत्र्याच्या पेटीत एक गोष्ट जपून ठेवतात: 1992 च्या आधीच्या वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावत्या. घर त्या तारखेआधी उभे होते याचा तो पुरावा. एका आजींनी मला त्या दाखवल्या, वर्षवार सुतळीने बांधलेल्या, सर्वांत खालची त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची. मागचा सोपा पडून चार पावसाळे झाले आहेत. अर्ज अजून केलेला नाही, कारण अर्जात कामाच्या नावापुढे काय लिहायचे यावर घरात एकमत नाही.