ट्रान्सपरन्सी मोड

बिनतारी इअरबड कानात असतानाही भोवतालचे ऐकू यावे यासाठीची सोय. बडच्या बाहेरच्या अंगाचे बारीक माइक आवाज टिपतात आणि आतला स्पीकर तो लगेच कानात सोडतो. त्यात जरा जास्त उशीर झाला, तर कडेने झिरपलेला मूळ आवाज आणि माइकचा आवाज एकमेकांत मिसळून डब्यातून आल्यासारखे पोकळ ऐकू येते. नॉइज कॅन्सलेशनही माइकांवरच चालते. तिथे टिपलेल्या आवाजाची उलटी लहर सोडून तो मारतात. ही कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले. अ‍ॅपलने २०१९ च्या एअरपॉड्स प्रोमध्ये 'ट्रान्सपरन्सी' हे नाव दिले. सोनी आणि सॅमसंगकडे तेच 'अँबियंट साउंड' आहे.

विदर्भाच्या खेड्यात या सोयीला विशेष मोल आहे. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीची असते, म्हणून हरभऱ्याचे, गव्हाचे ओलित रात्री चालते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी जागल (रात्रीची राखण) पण असते. हातात बॅटरी, कानात बड आणि पायाखाली ओली वाट. अशा वेळी परड (घोणस) कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, आणि तो फुत्कार हाच तिचा इशारा असतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कॅन्सलेशन 'ऑफ' केले की कान मोकळा झाला, असे लोक धरून चालतात. तसे होत नाही. कॅन्सलेशन मुख्यतः मोटारीची, ट्रॅक्टरची सलग घरघर कमी करते. फुत्कारासारखा बारीक, तीक्ष्ण आवाज अडवते ते बडच्या टोकाचे सिलिकॉनचे बोंडूक, आणि ते 'ऑफ'मध्येही कानात घट्ट बसलेलेच असते. वावरात 'ऑफ' नव्हे, ट्रान्सपरन्सीच हवी.

मोड बदलायला एअरपॉड्स प्रोची दांडी चिमटीत धरून दाबून ठेवतात. बारीक सूर वाजला की मोड बदलला. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधली आवाजाची पट्टी दाबून धरली तरी तेच पर्याय येतात; अँड्रॉइडवर बहुधा त्या कंपनीचे अ‍ॅप लागते. सोनीच्या काही मोठ्या हेडफोनांत उजव्या कपावर तळहात ठेवला की गाणे मंदावते, समोरच्याचे बोलणे आत येते आणि हात काढला की सारे पूर्ववत होते. टच असलेल्या बडांना ओले बोट किंवा कानावरून घेतलेला दुपट्टा चकवतो. म्हणून दाबून धरल्यावर कोणते मोड फिरावेत हे सेटिंगमध्ये आधीच ठरवून, 'ऑफ' त्या फेरीतून काढून टाकलेले बरे. मग अंधारात न पाहताही एका दाबात काम होते.

गाण्याचा आवाज मोठा असेल, तर मोड चालू असूनही धुऱ्यावरून मारलेली हाक त्यात बुडते. मोटारसायकलवर वारा माइकवर आदळून नुसती फडफड ऐकू येते.

आवाज कुठून आला हे ताडायला कानाची पाळी मदत करते. माइक मध्ये आला की तो अंदाज थोडा तरी ढळतोच. ताडोब्याच्या काठच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटे मोहफुले वेचायला जातात. वाघाची चाहूल देणारी चितळाची हाक किंवा वानराचा खॅकारा कोणत्या अंगाने आला यावर तिथे माघारी फिरायची वाट ठरते. त्या वेळी बड डबीत आणि डबी खिशात.