पुराआधीचे दहा रुपये

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या काठावरच्या एका अंगणात बसून २३ जुलै २०२१ च्या पुराची गोष्ट ऐकत होतो. सांगणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. म्हणाल्या, "पाणी वृंदावनाच्या दुसऱ्या पायरीला लागलं की गुरं सोडायची, तिसरीला लागलं की आपण निघायचं. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी गुरं सोडून वळले, तर तिसरी पायरी दिसेनाच."

त्या कुठल्या प्रशिक्षणाला गेलेल्या नाहीत. पण आपत्तीच्या नियोजनात जे जे लागतं, ते त्यांच्या बोलण्यात आहे. मोजायला पट्टी आहे, त्या पट्टीवर धोक्याच्या दोन खुणा आहेत आणि प्रत्येक खुणेपाशी काय करायचं हेही ठरलेलं आहे. एवढंच, की ही पट्टी एका अंगणापुरती आहे. शेजारच्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, ती माहीत नाही, वरच्या गावात नदी किती चढली हे तिला कळत नाही, आणि आजींनंतर ती कोण वाचणार हा प्रश्न आहेच. सरकार आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी जो पैसा देतं, तो खरं तर अशा पट्ट्या एकमेकींना जोडण्यासाठी हवा.

गोव्यात याची निकड का जास्त, हे नकाशा पाहिला की कळतं. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर. वाळपईला अनेक वर्षी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गंगा-गोदावरीसारख्या लांब नद्यांचा पूर वरून खाली यायला दिवस लागतात, तेवढ्यात बैठका होतात, ट्रक निघतात. आपल्याकडे घाटात ढग फुटले की काही तासांत पाणी दारात. ज्या नदीला पळायला एवढं थोडं अंतर आहे, तिच्या काठी पूर आल्यावर योजना आखता येत नाही. ती आधीच आखलेली, पाठ झालेली असावी लागते.

त्यात भरती. म्हादईच खाली मांडवी होते. तिच्या मुखाशी उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, आणि भरतीचा परिणाम नदीतून आत जवळजवळ पन्नास किलोमीटर, गांजेपर्यंत जाणवतो. पाणी उताराच्या जोरावर वाहतं. खालच्या टोकाला समुद्रच दीड-दोन मीटर वर आला, तर सपाट खोऱ्यातला मुळातच थोडा असलेला उतार आणखी कमी होतो आणि पुराचं पाणी तुंबून राहतं. ओहोटी लागायला सहा तास. तोच पाऊस ओहोटीच्या वेळी पडला तर रस्ता ओला होतो, भरतीच्या वेळी पडला तर दुकानात पाणी शिरतं. २३ जुलै २०२१ हा गुरुपौर्णिमेचा आदला दिवस होता, म्हणजे दिवस उधाणाचेच. वरच्या भागात, जिथे नदी तीव्र उताराने धावते, तिथे भरतीचं फारसं चालत नाही. खाली तिसवाडी-बार्देशच्या पट्ट्यात मात्र पंचांग आणि पावसाचा अंदाज एकत्र वाचावा लागतो. साखळीच्या बाजारात हे दर पावसाळ्यात डोळ्यांनी दिसतं. वाळवंटी नदी चढली की बाजारातलं पाणी आपण होऊन नदीत उतरत नाही, ते पंपाने उपसून नदीत टाकावं लागतं.

त्या जुलैत एका दिवसात किती ठिकाणी काय काय झालं ते आठवून पाहा. सत्तरी, डिचोली, पेडण्यात घरं पाण्यात गेली, करंझोळला डोंगर घसरला, दूधसागर आणि सोनावळीच्या मधे दरड कोसळून मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी रुळांवरून उतरली. मुख्यमंत्र्यांनी तेव्हा या पुराचं वर्णन १९८२ नंतरचा सर्वांत मोठा असं केलं होतं. त्याच्या दोनच महिने आधी, मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं होतं आणि झाडं व विजेचे खांब आडवे झाल्याने कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

असा पूर आला की लोक म्हणतात, आता पन्नास वर्षं चिंता नाही. इथे गणित समजून घ्यायला हवं. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे शंभर वर्षांची सुट्टी नव्हे. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी ती शक्यता तेवढीच. नदीकाठी घर बांधून माणूस तिथे तीस वर्षं राहिला, तर त्या काळात असा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक. आणि हे हवामान बदलत नाही असं धरून. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि आपल्या शेजारचा अरबी समुद्रही तापतो आहे. शिवाय शंभरात एक हा आकडा काढायला नदीच्या पातळीच्या अनेक दशकांच्या नोंदी लागतात. नोंदी नसतील तर तो आकडा अंदाजावर उभा राहतो, आणि त्यावर पुलाची उंची ठरते.

आता पैशाकडे येऊ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणं आणली आणि प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी तपासून अद्ययावत करण्याचं बंधन घातलं. आपत्ती येण्याआधी धोका कमी करण्यासाठी वेगळा निधी हवा, हेही त्याच कायद्यात लिहिलं होतं. पण राष्ट्रीय पातळीवरचा तो निधी प्रत्यक्षात उभा राहिला २०२१ साली. सोळा वर्षं आपण मुख्यतः नुकसानभरपाईच्या निधीवर चाललो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ही घडी बदलली. सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले. गोव्यासारख्या राज्यांत त्यातले पाऊण केंद्राचे, पाव राज्याचे. आणि खर्चाची वाटणीही आखून दिली. शंभर रुपये धरले तर चाळीस मदतीसाठी, तीस पुनर्बांधणीसाठी, वीस धोका कमी करण्याच्या कामांसाठी आणि दहा पूर्वतयारीसाठी. प्रशिक्षण, नियंत्रण कक्ष, प्राधिकरणांना माणसं आणि साधनं, हे सगळं त्या दहा रुपयांतून.

हे दहा रुपये वेगळे काढून ठेवले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मदतीचा चेक वाटताना फोटो निघतो, पण न बुडालेल्या घराचा फोटो कोणी काढत नाही. त्यामुळे हा पैसा नियमाने राखून ठेवला नाही तर तो कधी उरतच नाही. एक गोष्ट मात्र खटकते. राज्याचा वाटा ठरवताना सर्वांत जास्त वजन मागच्या वर्षांत आपत्तीवर झालेल्या खर्चाला दिलं गेलं, त्यानंतर क्षेत्रफळ आणि लोकसंख्येला. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याच्या पदरात त्यातून लहान घास पडणार हे उघड आहे. जे राज्य आधीच सांभाळून राहिलं, त्याचा मागचा खर्च कमी आणि म्हणून वाटाही कमी, असा उलटा हिशेब यात होतो.

पण पैसा थोडा असला तरी गोव्याला ही कल्पना नवी नाही. खाजन शेती पाहा. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या लोकांनी खाडीकाठची खारी दलदल मातीचे बांध घालून शेतीखाली आणली. आजही अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर धरली जाते. बांधाच्या मधे मधे मानस असते. चिऱ्याच्या बांधकामात बसवलेल्या लाकडी झडपा. ओहोटीच्या वेळी मानशीवर उभं राहावं. आतलं पाणी झडपांना रेटा देतं, त्या फाकतात, आणि शेतातलं गढूळ पाणी घुमत खाडीत पडतं. मग भरती वळते. बाहेरचं पाणी वितीवितीने चढतं, पाण्याचा आवाज बसत जातो, आणि एका क्षणी झडपा 'धप्' करून मिटतात. वीज नाही, सेन्सर नाही, रात्रपाळीचा माणूस नाही. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर गेली की दार बंद, एवढा नियम लाकडात कोरून ठेवलेला.

दार बंद असताना पडलेला पाऊस आत साठतो आणि ओहोटीची वाट पाहतो. एक हेक्टर खाजनात फूटभर पाणी राहिलं तर ते सुमारे ३० लाख लिटर होतं. तेवढं पाणी त्या सहा तासांत कोणाच्या घरात जात नाही. म्हणून खाजनात भराव टाकून इमारत उभी राहते तेव्हा फक्त भात जात नाही, गावाची पाणी साठवायची जागा जाते.

आणि याचा खर्च? मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होई, आजही बऱ्याच ठिकाणी होते. त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी. बांध फुटल्यावर करायची मदत म्हणून नव्हे, फुटू नये म्हणून, दर वर्षी. गावकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, ती पूर्वतयारीची तरतूदच होती. पुढे गावकारीचे अधिकार आटले, जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, कसणारे कमी झाले, आणि अनेक बांधांना वाली राहिला नाही.

वादळासाठी मोठी कामं झाली आहेत. २०१५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मंजूर झालेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता. इशाऱ्याचे भोंगे, आसरा घेण्याच्या इमारती, विजेच्या तारा जमिनीखाली घालणं, अशी कामं त्या प्रकल्पात होती. त्यांची गरज होतीच. मला ओढ आहे ती मात्र लहान, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या खर्चाची.

एका पंचायतीचा आराखडा मी चाळून पाहिला होता. सुरेख बांधणी, रंगीत नकाशा, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी. यादीतल्या पाच जणांपैकी दोघे बोटीवर नोकरीला, एक पोर्तुगालला, एक गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी. उरलेल्या एकाला आपलं नाव यादीत आहे हे मीच सांगितलं. तो गंभीर झाला आणि म्हणाला, "सांगितलं असतं तर दोर तरी घरी ठेवला असता." आराखडा हा विज्ञानाच्या भाषेत एक अंदाज आहे, पाणी कुठून येईल आणि माणसं काय करतील याचा. प्रयोग करून पाहिल्याशिवाय अंदाज टिकतो की नाही कळत नाही. तो प्रयोग म्हणजे रंगीत तालीम. भोंगा वाजल्यापासून शेवटच्या घरातली म्हातारी शाळेत पोचेपर्यंत किती मिनिटं गेली, हे घड्याळ लावून मोजायचं. तालमीला लागतो एक दिवस, एक टेंपो आणि चहा-भजी.

आणि तुळशीच्या पायऱ्या. सर्वेक्षणाचं लेव्हल यंत्र आणि उभी मोजपट्टी घेऊन दोन माणसं आठवडाभर गावात फिरली, तर प्रत्येक वाड्यातल्या एका ठरावीक पायरीची समुद्रसपाटीपासूनची उंची कागदावर येते. समजा, आजींची दुसरी पायरी २१.४ मीटरवर निघाली. वरच्या अंगाला पुलाच्या खांबावर पातळीची पट्टी रंगवलेली आहे. दोन-तीन पावसाळे दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या की कळतं, पुलावर पाणी अमुक खुणेला लागलं की किती वेळाने ते आजींच्या दुसऱ्या पायरीला लागतं. मग पहाटे नियंत्रण कक्षातून येणारा निरोप "नदीची पातळी धोक्याच्या वर" असा राहत नाही. तो "खालच्या वाड्यात दीड तासात दुसरी पायरी" असा होतो, आणि तो कोणालाही समजतो. दीड तास हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला. खरा आकडा नदीच सांगेल, पण तिच्या काठी पट्टी घेऊन बसणारं कोणीतरी हवं, आणि त्या माणसाचा रोज कुठल्या तरी खात्यातून निघायला हवा. माझ्या मते तो त्या दहा रुपयांतूनच निघावा.

यात ऋतूचा अडसर आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं, नव्या वर्षाच्या मंजुऱ्या फिरत फिरत गावापर्यंत यायच्या आत मृग लागतो. मग लेव्हलचं काम चिखलात कोण करणार? पूर्वी बांधाची माती शिगम्यानंतर, जमीन तापून कडक झाली की टाकत. हे काम ज्यांना करायचं आहे त्यांनी मागणी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवावी, म्हणजे पैसा हाती येईल तेव्हा नदी तळाला गेलेली असेल आणि पुलाच्या खांबावर शेवाळाची रेघ अजून दिसत असेल. ती रेघ आधी मोजून घ्यावी. यंदा पाणी कुठवर चढलं होतं ते तिच्यावरून कळतं, आणि पहिल्या वळवाबरोबर ती धुऊन जाते.