चालते मशीन आणि त्याची वही : लिबव्हर्टची पार्श्वभूमी

लिबव्हर्ट हे व्हर्च्युअल मशिने (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) सांभाळणारे सॉफ्टवेअर आहे. त्याचा डेमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, बंद करून पुन्हा सुरू केला, तरी त्या होस्टवरची, म्हणजे प्रत्यक्ष संगणकावरची, मशिने चालूच राहतात. अपडेट देताना आज याचा कोणी दुसऱ्यांदा विचारही करत नाही. मात्र जानेवारी २००९ च्या अखेरीस ०.६.० ही आवृत्ती येईपर्यंत परिस्थिती वेगळी होती. मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईमू या प्रोग्रामची प्रक्रिया तेव्हा डेमनच्या आयुष्याशी बांधलेली असे. डेमन थांबला की मशीनही थांबे, म्हणजे व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधली साधी दुरुस्ती करायलाही सगळी मशिने बंद करावी लागत.

चालणारी गोष्ट आणि तिची नोंद ठेवणारी गोष्ट वेगळ्या करण्याचा हा निर्णय फार मोठा होता. त्याने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला: मशीन एक सांगते आणि वही दुसरेच सांगते, तेव्हा खरे कोणाचे धरायचे? लिबव्हर्ट दुरुस्त करताना हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो.

प्रश्नाचे मूळ मेनफ्रेमच्या काळात आहे. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकात सीपी-४० आणि नंतर सीपी-६७ तयार झाले, आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आले. त्यात प्रत्येक आभासी मशीनचे वर्णन एका डिरेक्टरी फाइलमध्ये असे: मेमरी किती, कोणती मिनीडिस्क, कोणते अधिकार. नुसता मजकूर बदलून भागत नसे. ‘डिरेक्ट’ नावाच्या प्रोग्रामने तो यंत्राच्या रूपात डिस्कवर लिहावा लागे, आणि लॉगऑन केलेल्या मशीनला बदल पुढच्या लॉगऑनपर्यंत दिसत नसे. ‘व्हर्श एडिट’ या लिबव्हर्टच्या आज्ञेने मेमरी वाढवून, गेस्टच्या (मशीनमध्ये चालणाऱ्या सिस्टिमच्या) आतून रीबूट करून, ‘बदल का दिसत नाही’ असे विचारणाऱ्या आजच्या अॅडमिनची अडचण अगदी हीच आहे. आतून रीबूट केल्यावर क्यूईमूची प्रक्रिया तीच राहते. ती संपून नव्याने सुरू झाली, म्हणजे मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केले, तरच नवे वर्णन वाचले जाते.

इंटेल-एएमडीच्या एक्स८६ वर हे सगळे उशिरा पोहोचले, कारण तो प्रोसेसर आभासीकरणाला अनुकूल नव्हता. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडलेली अट सोपी आहे: यंत्राच्या स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना कमी अधिकाराच्या पातळीवर चालवली, तर ती अडवली गेली पाहिजे. एक्स८६ ची ‘पॉपएफ’ सूचना अडत नाही. इंटरप्टचा फ्लॅग बदलण्याची विनंती ती चुपचाप गिळून टाकते. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये चालत्या कोडचे भाषांतर करून यातून वाट काढली. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन या आभासीकरणाच्या सॉफ्टवेअरने २००३ मध्ये गेस्टचा कर्नलच (सिस्टिमचा गाभाच) बदलून घेतला. इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली, आणि मग केव्हीएमचा, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधल्याच आभासीकरणाचा, मार्ग मोकळा झाला. क्युम्रानेट कंपनीत अवी किव्हिटी यांनी लिहिलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत आले.

लिबव्हर्टचा जन्म मात्र झेनसाठी झाला. झेनचे व्यवस्थापन ‘झेंड’ नावाचा पायथनमधला डेमन करी आणि ‘एक्सएम’ ही आज्ञा त्याच्याशी बोले. मशीनच्या वर्णनाची फाइलही पायथनचीच असे आणि ती वाचली न जाता चक्क चालवली जाई. लोक त्यात लूप लिहीत, मॅक अॅड्रेस हिशेबाने काढत. पुढे झेंड मोडीत निघून ‘एक्सएल’ आले, तेव्हा त्याने वर्णन फक्त वाचायला सुरुवात केली आणि असल्या हुशार फाइली एका झटक्यात निकामी झाल्या. झेंड अखेर जानेवारी २०१५ च्या झेन ४.५ मधून काढून टाकला गेला. या उलथापालथीपासून वरच्या साधनांना वाचवायचे, तर मध्ये एक स्थिर एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली रीत) हवे. रेड हॅटमध्ये डॅनियल वेयार यांनी २००५ च्या अखेरीस ते काम सुरू केले. सुरुवातीचे नाव होते ‘लिबव्हिर’. वर्णनासाठी एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) निवडले गेले आणि ते डेटा म्हणूनच राहिले, प्रोग्राम झाले नाही. एक्सएमएलबद्दल तक्रारी कितीही असोत, ही निवड योग्यच होती, असे माझे ठाम मत आहे.

क्यूईमूचा आधार २००७ च्या सुरुवातीला जोडला गेला आणि खरी कसोटी तिथे लागली. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूईमूत एक ‘मॉनिटर’ होता: माणसाने आज्ञा टाइप करायची आणि उत्तर डोळ्यांनी वाचायचे. लिबव्हर्ट त्याच मॉनिटरवर आज्ञा टाइप केल्यासारखी पाठवी आणि उत्तरातले इंग्रजी शब्द शोधून अर्थ लावी. क्यूईमूच्या पुढच्या आवृत्तीत एखादा शब्द बदलला, नवी ओळ आली, की अर्थ चुके. शिवाय एखादी घटना आपणहून कळवण्याची सोय या मॉनिटरमध्ये नव्हती. २०१० च्या क्यूईमू ०.१३ पासून क्यूएमपी हा जेसनवर (डेटा लिहिण्याच्या ठरलेल्या स्वरूपावर) आधारलेला संवाद वापरण्याजोगा झाला. आज्ञेला ओळख क्रमांक, चुकीला ठरलेला प्रकार, आणि ‘मशीन थांबले’, ‘डिस्कवर लिहिता आले नाही’ अशा घटना स्वतंत्र. आज बिघाड शोधताना हाच संवाद पाहायचा असतो. ‘व्हर्ट-अॅडमिन’ने डेमन न थांबवता लॉगचा फिल्टर ‘१:क्यूईमू.क्यूईमू_मॉनिटर’ असा लावला, की जाणारी-येणारी प्रत्येक जेसन ओळ दिसते. १ म्हणजे सगळा तपशील, ४ म्हणजे फक्त चुका. काम झाले की फिल्टर काढावा, नाहीतर लॉग डिस्क भरतो. मॉनिटरवर थेट आज्ञा पाठवायची सोयही आहे, पण तशी आज्ञा मिळालेली मशिने लॉगमध्ये ‘टेंटेड’ (डागाळलेली) म्हणून नोंदली जातात. लिबव्हर्टच्या नकळत त्या मशीनमध्ये काहीही बदललेले असू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

आता पुन्हा २००९ कडे. डेमनशिवाय मशीन जगायचे, तर डेमनला परतल्यावर ते ओळखता आले पाहिजे. म्हणून वह्या दोन झाल्या. कायमचे वर्णन ‘/एटसी/लिबव्हर्ट/क्यूईमू’ मध्ये. चालू मशीनची नोंद ‘/रन/लिबव्हर्ट/क्यूईमू’ मध्ये, ज्यात प्रक्रियेचा क्रमांक आणि मॉनिटरच्या सॉकेटचा (जोडणीच्या जागेचा) पत्ता असतो. तिसरी प्रत डेमनच्या मेमरीत. डेमन उठला की दुसरी वही वाचतो, सॉकेटला जोडून घेतो आणि मशीनला त्याची स्थिती विचारतो. पहिल्या वहीतली फाइल संपादकाने थेट बदलू नये. मेमरीतली प्रत पुढच्या वेळी तिच्यावर लिहिली जाते आणि बदल हरवतो. फाइलच्या डोक्यावर तशी सूचनाही छापलेली असते.

सर्वांत घातक बिघाड दुसरी वही नष्ट झाल्यावर होतो. साफसफाईची एखादी स्क्रिप्ट ‘/रन’ मधल्या फाइली उडवते, डेमन रीस्टार्ट होतो, आणि यादीत मशीन ‘बंद’ दिसते. प्रत्यक्षात क्यूईमू चालू असतो. कोणीतरी ‘स्टार्ट’ देतो. पूर्वी अशा वेळी दोन क्यूईमू एकाच डिस्कवर लिहू लागत आणि काही मिनिटांत फाइल सिस्टिमचा चुराडा होई. ऑगस्ट २०१७ च्या क्यूईमू २.१० पासून इमेज फाइलवर (मशीनची डिस्क जिच्यात असते तिच्यावर) कुलूप लावले जाते, त्यामुळे आता ‘राइट लॉक मिळाले नाही, दुसरी प्रक्रिया ही इमेज वापरते आहे का’ असा संदेश येतो. हा संदेश अडथळा समजून कुलूप टाळण्याचे उपाय शोधणे ही मोठी चूक आहे. प्रक्रियांच्या यादीत त्या नावाचा क्यूईमू शोधावा, नेटवर्कवरून गेस्टमध्ये शिरून त्याला आतून नीट बंद करावे, प्रक्रिया संपल्याची खात्री करावी आणि मगच नव्याने सुरू करावे. क्यूईमूला थेट ‘टर्म’ सिग्नल दिला तर गेस्टच्या दृष्टीने ती वीज गेल्यासारखीच गोष्ट असते.

याच्या उलट प्रकारही आहे: वही बरोबर, पण मशीन उत्तरच देत नाही. ‘स्टेट चेंज लॉक मिळाले नाही’ हा संदेश त्याचा. एका मशीनवर एका वेळी एकच बदल करता यावा म्हणून लिबव्हर्ट कुलूप ठेवतो आणि दुसरी आज्ञा ३० सेकंद थांबून परत फिरते. कुलूप कोणाकडे आहे ते संदेशातच लिहिलेले असते, ते आधी वाचावे. बहुतेक वेळा मूळ खाली स्टोरेजमध्ये निघते. एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून डिस्क पुरवणारा) गेलेला असतो आणि क्यूईमूचा धागा (थ्रेड) कर्नलमध्ये ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट पाहत, अडकलेला असतो. डेमन दहा वेळा रीस्टार्ट करून काही होत नाही, प्रक्रिया जबरदस्तीने संपवणाऱ्या ‘किल -९’ नेही नाही. स्टोरेज परत आणणे हाच इलाज. धागे ‘डी’ अवस्थेत नसतील, तर जीडीबी हा डीबगर डेमनला जोडून सगळ्या धाग्यांचा बॅकट्रेस (कोण कुठे अडकले त्याची नोंद) घ्यावा आणि मगच रीस्टार्ट करावा. पुरावा नंतर मिळत नाही.

डिस्कच्या प्रकाराचा इतिहास तितकाच बोधक आहे. इमेज रॉ (डिस्कचे बाइट जसेच्या तसे) आहे की क्यूकाऊ२ (शीर्षक असलेला क्यूईमूचा प्रकार), हे पूर्वी फाइलचे पहिले काही बाइट पाहून ओळखले जाई. पण रॉ डिस्कचे पहिले बाइट गेस्टच्या ताब्यात असतात. गेस्टने तिथे क्यूकाऊ२ चे शीर्षक लिहिले आणि बॅकिंग फाइल (जिच्यातून मूळ डेटा वाचला जातो ती) म्हणून होस्टवरची एखादी गुप्त फाइल दाखवली, तर पुढच्या सुरुवातीला ती फाइल त्याच्या हाती लागे. २०१० च्या लिबव्हर्ट ०.८.३ मध्ये हे आपोआप ओळखणे बंद केले गेले. २०२० च्या सुरुवातीला आलेल्या ६.० मध्ये बॅकिंग फाइलच्या बाबतीतही कडकपणा आला, आणि वर्षानुवर्षे चाललेली मशिने ‘बॅकिंग इमेजचा प्रकार नोंदलेला नाही’ म्हणून अडली. इमेज बिघडलेली नसते. मशीन बंद असताना ‘क्यूईमू-आयएमजी रीबेस’ ‘-यू’ या पर्यायासह चालवावे, आणि वरच्या फाइलचा प्रकार, बॅकिंग फाइलचा प्रकार व तिचा मार्ग तिन्ही द्यावेत. ‘-यू’मुळे फक्त शीर्षक बदलते, डेटा हलत नाही. म्हणूनच मार्ग आणि प्रकार अचूक हवेत; चुकीचा दिला तर तो तपासला जात नाही.

परवानगीच्या तक्रारींत पहिला संशय २००९ च्या एसव्हर्टवर, म्हणजे मशिने एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या लिबव्हर्टच्या सोयीवर, जातो. एसईलिनक्स (लिनक्समधली परवानग्या कडक करणारी सोय) असलेल्या होस्टवर प्रत्येक मशीनला आणि त्याच्या डिस्कला दोन यादृच्छिक कॅटेगरींची जोडी असलेले लेबल मिळते, म्हणजे एक क्यूईमू फुटला तरी शेजाऱ्याच्या डिस्कला हात लावू शकत नाही. उबुंटूवर हेच काम अॅपआर्मर करते. इमेज घरच्या फोल्डरमध्ये ठेवली की ‘परमिशन डिनाइड’ येते, आणि बहुधा त्यात लेबलचा दोष नसतो. क्यूईमूच्या वापरकर्त्याला वाटेतल्या एखाद्या फोल्डरमध्ये शिरताच येत नाही. ‘नेमआय -एल’ पूर्ण मार्गावर चालवले की कोणती पायरी अडते ते लगेच दिसते. ऑडिटच्या लॉगमध्ये नकार नोंदला असेल तरच एसईलिनक्सकडे वळावे. ते बंद करणे हा उपाय नाही.

२०१९ मध्ये लिबव्हर्टच्या एकाच मोठ्या डेमनचे तुकडे होऊ लागले: मशिनांसाठी ‘व्हर्टक्यूईमूडी’, नेटवर्कसाठी ‘व्हर्टनेटवर्कडी’, स्टोरेजसाठी ‘व्हर्टस्टोरेजडी’ वगैरे. फेडोरा ३५ आणि आरएचईएल ९ या लिनक्स वितरणांत हीच रीत आली. नेटवर्कचा डेमन कोसळला तरी मशिनांचे व्यवस्थापन चालू राहते. जुन्या सवयी मात्र इथे फसवतात. १२० सेकंद काम नसले की हे डेमन आपणहून थांबतात आणि सॉकेटवर कोणी आले की उठतात. सेवांची स्थिती सांगणारे ‘सिस्टिमसीटीएल’ त्यांना मृत दाखवते, म्हणून ते बिघडलेले नसतात. तपासायचे ते सॉकेट युनिट. जुना ‘लिबव्हर्टडी’ आणि नवे तुकडे एकत्र चालू ठेवू नयेत, कारण दोघेही त्याच वह्या लिहितात.

मॅनेज्ड सेव्हच्या, म्हणजे चालते मशीन मेमरीसह डिस्कवर जपून ठेवण्याच्या, फाइलीत मेमरीबरोबर त्या वेळचे एक्सएमएलही असते. काही वितरणांत होस्ट बंद करताना ही फाइल आपोआप तयार होते. पुढच्या वेळी मशीन त्या जुन्या वर्णनावर उठते आणि ‘व्हर्श एडिट’चा बदल गायब झाल्यासारखा वाटतो.

अपग्रेडमध्ये सध्या जास्त त्रास देणारी गोष्ट आहे मशीन टाइप, म्हणजे गेस्टला दाखवायच्या हार्डवेअरच्या संचाचे नाव. वर्णनात नुसते ‘पीसी’ लिहिले तरी लिबव्हर्ट नोंद करताना त्याचे आवृत्तीसह पूर्ण नाव लिहून ठेवतो, म्हणजे गेस्टला दिसणारे हार्डवेअर वर्षानुवर्षे तेच राहते. क्यूईमूने २०२४ च्या ९.१ पासून नियम केला: आवृत्तीचे मशीन टाइप ३ वर्षांनी कालबाह्य, ६ वर्षांनी बाहेर. त्यामुळे जुन्या मशीनचे वर्णन शाबूत असूनही ते नव्या होस्टवर उठत नाही. अपग्रेडच्या आधी ‘व्हर्श डम्पएक्सएमएल --इनॅक्टिव्ह’ने प्रत्येक मशीनचे वर्णन काढून त्यातला टाइप नव्या क्यूईमूच्या ‘-मशीन हेल्प’ यादीशी ताडून पाहावा. यादीत नसेल तर आधी मॅनेज्ड सेव्ह आणि मेमरीसह घेतलेले स्नॅपशॉट निकालात काढावेत. त्यांतली मेमरीची स्थिती जुन्या हार्डवेअरची असते आणि नव्यावर उतरत नाही. मग मशीन पूर्ण बंद करून टाइप बदलावा, एका वेळी एकच मशीन घ्यावे, आणि पहिल्या सुरुवातीला कन्सोल उघडा ठेवावा. नेटवर्क कार्डाचे नाव गेस्टच्या आत बदलू शकते, आणि तसे झाले तर एसएसएचने आत शिरता येत नाही.